मरहूम सय्यद अब्दुल रहीम : शाळामास्तर ते देशाचे प्रशिक्षक

विद्यार्थी मित्रहो, महाडला सावित्रीकाठी किंवा पोलादपूरला भातकापणी झालेल्या शेतात तुम्ही फुटबॉल खेळता, तेव्हा खेळून पोट भरत नाही, असे घरचे बजावतात. वडीलधाऱ्यांची ही काळजी खोटी नाही. पण खेळ आणि पुस्तक यांचे वैर आहे, असे मानण्यापूर्वी रहीमसाहेबांचे चरित्र एकदा अवश्य वाचा.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. तेथील सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या ‘इलेव्हन हंटर्स’ संघातून आणि पुढे कमर क्लबकडून ते खेळले. पोटासाठी त्यांनी शिक्षकी पत्करली. काचीगुडा मिडल स्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांत शिकवीत असतानाच त्यांनी शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि मैदानाचीही शाळा केली.

त्या काळी आपल्याकडे फुटबॉलपटूचा खरा आधार म्हणजे पोलीस, रेल्वे किंवा कंपनीतली नोकरी. हैदराबाद सिटी पोलीस संघात अशीच नोकरी करणारे खेळाडू होते. १९५० पासून रहीमसाहेब त्यांचे प्रशिक्षक झाले. फक्त कमजोर पायाने खेळायचे, चेंडू पायात घोळवत न ठेवता लगेच साथीदाराकडे द्यायचा, असे सामने ते मुद्दाम भरवीत. याच संघाने मुंबईतील रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला!

देशाच्या संघाचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. १९५२ साली हेलसिंकीला मात्र युगोस्लाव्हियाने १०-१ असा दारुण पराभव केला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. रहीमसाहेब खचले नाहीत. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला.

१९६२ साली जकार्ता येथे प्रेक्षक आपल्या संघाच्या विरोधात होते. जर्नेलसिंग यांच्या डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी या बचावपटूला पुढच्या फळीत खेळविले. अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले, दक्षिण कोरिया २-१ असा हरला आणि सुवर्णपदक पुन्हा भारताचे झाले. पण वर्षही सरले नाही तोच, ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई फुटबॉलचे सुवर्ण आपल्याला मिळालेले नाही. २०२४ साली ‘मैदान’ चित्रपटामुळे नव्या पिढीला त्यांचे नाव कळले.

मित्रहो, रहीमसाहेबांची वाट वर्गातूनच मैदानाकडे गेली. तेव्हा अभ्यास सोडून खेळू नका आणि अभ्यासासाठी खेळही सोडू नका. पालकांनो, मुलाला संध्याकाळचा एक तास मैदानासाठी द्या. आणि शिक्षक बंधु-भगिनींनो, तुमच्या वर्गातील कोणत्या मुलाच्या पायात कसब आहे, हे रहीमसाहेबांच्या नजरेने पाहा.

अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो!