रक्तगटांचे जनक : डॉ. कार्ल लँडस्टायनर

डॉ. कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी व्हिएन्ना येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. मातेने त्यांना वाढविले. १८९१ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले आणि प्रयोगशाळा हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

त्या काळी एकाचे रक्त दुसऱ्यास देणे म्हणजे प्राणाशी खेळ होता. कोणी वाचे, कोणी दगावे. कारण उमगत नसे. १९०१ मध्ये मानवी रक्ताचे गट दाखवून त्यांनी हे कोडे उलगडले. रक्तातूनही संक्रमित होणाऱ्या उपदंशाच्या तपासणीचे तंत्र विकसित करण्यातही त्यांचा वाटा होता. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. १९४० मध्ये डॉ. वीनर यांच्यासमवेत त्यांनी आर-एच घटक प्रकाशात आणला. २६ जून १९४३ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांनी घातलेल्या पायावरच १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी दुर्मीळ ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला.

आज नवी मुंबईतील शिबिरात संकलित झालेल्या प्रत्येक पिशवीची रक्तगटाबरोबरच एचआयव्ही, ‘ब’ व ‘क’ प्रकारची कावीळ, उपदंश आणि मलेरिया यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. तरीही नुकताच झालेला संसर्ग चाचणीतून निसटू शकतो. म्हणूनच दात्याने अर्जात दिलेली सत्य माहिती ही रुग्णाच्या सुरक्षेची पहिली पायरी होय. डॉ. लँडस्टायनर यांचा जन्मदिन २००४ पासून जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी निर्दोष रक्त निःसंकोच देणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.