तबकडीतले बालगंधर्व

कृष्णाकाठचे नागठाणे आपल्या विट्यापासून फारसे दूर नाही. त्या गावी २६ जून १८८८ रोजी नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म झाला. बालवयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव पुढे महाराष्ट्राच्या तोंडी बसले.

नवल असे की, या मुलाला कानाचा विकार होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेस धाडले. १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला आणि शकुंतलेच्या वेषात रंगभूमीवर उभा राहिला.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी दगावली. तरीही त्यांनी प्रयोग मोडू दिला नाही. भामिनी होऊन ते गायिले. लोकांनी त्यांची निष्ठा वाखाणली. घरी राहिलेल्या लक्ष्मीबाईंचे दुःख मात्र आपण भगिनींनीच जाणावे.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१९ साली गडकऱ्यांच्या निधनानंतर 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. त्यातील सिंधूच्या पदांच्या चाली मुंबईच्या गायिका सुंदराबाई जाधव यांच्याकडून मिळाल्या होत्या. सिंधूच्या त्या गाण्यामागे एका स्त्रीचे गाणे होते, हे विसरून चालणार नाही.

रंगमंचावर एकेक पद वन्समोअर घेत लांबत जाई. तबकडीच्या एका बाजूवर मात्र तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तेवढ्यात सारे सांगायचे, म्हणून तेथे त्यांची खरी कारागिरी दिसते. त्यांनी आवाज बारीक करून बाईची नक्कल केली नाही. गळा आपलाच ठेवला. तान छोटी, मुरकी हलकी, आणि शब्द कधी तिच्याखाली दडपला जात नाही. एखादा शब्द ते ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळू देतात, दुसरा जरा आधीच उचलतात आणि समेवर अलगद येऊन पोचतात. बोलता बोलता गाणे सुरू व्हावे, असे वाटते. माजघरातली बाई दुःख सांगताना अशीच थांबते, अशीच सावरते. रात्र रात्र चालणाऱ्या नाटकाला ज्यांना जाता येत नसे, त्यांच्यापर्यंत सिंधू पोचली ती या तबकडीतून.

पुढे मंडळी कर्जात बुडाली. १९३५ साली 'धर्मात्मा' बोलपटात ते पुरुषवेषात, संत एकनाथ म्हणून दिसले. लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. उतारवयात पायांनी साथ सोडली. १९६४ साली पद्मभूषण मिळाले आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. भरजरी शालू, अत्तरे, पडदे यांपैकी काहीच उरले नाही. उरला तो खरखरत्या तबकडीतला सूर.

ती पदे आता मोबाइलवरही ऐकता येतात. मंडळाच्या एखाद्या सभेत आपण एकच पद तीनदा लावावे. पहिल्या वेळी शब्द ऐकावेत, दुसऱ्या वेळी ठेका, तिसऱ्या वेळी नुसता श्वास. आपल्याच मुलखातल्या या गायकाने बाईच्या दुःखाला किती जपून हात लावला, ते कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.