भाभांचा कॉम्प्युटर आणि आपला ओटा

होमी भाभा म्हटलं, की आपल्याला अणुशक्ती आठवते. पण मैत्रिणींनो, आपल्या देशातला एक अगदी सुरुवातीचा कॉम्प्युटरही त्यांच्याच संस्थेत, मुंबईत घडला.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईचा. चित्रं, संगीत आणि झाडं यांचं त्यांना वेड. मुलानं इंजिनिअर व्हावं ही घरच्यांची इच्छा. केंब्रिजला जाऊन त्यांनी ती परीक्षा पहिल्या वर्गात दिली आणि मगच आवडीचं भौतिकशास्त्र धरलं. १९३९ मध्ये सुट्टीला घरी आले, तिकडं युद्ध पेटलं आणि ते इथलेच झाले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली.

तिथं आर. नरसिंहन यांच्यासोबत तरुण मंडळींनी कॉम्प्युटर बांधायला घेतला. बहुतेकांनी तो आधी वापरलेलाही नव्हता! १९५६ ला नमुना चालू झाला, १९६० ला पूर्ण यंत्र. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं 'टिफ्रॅक'. त्याची मेमरी आजच्या हिशेबानं जेमतेम १० किलोबाइट. मोबाईलमधल्या एका फोटोला याच्या शंभरपट तरी जागा लागते.

मग काम कसं निघायचं? आपला ओटा आठवा. मिसळणाचा डबा हाताशी असला तर स्वयंपाक झटपट होतो. मोहरीसाठी माळ्यावर चढावं लागलं तर फोडणी जळलीच म्हणून समजा. कॉम्प्युटरचंही तस्संच. लागणारी माहिती जवळच्या मेमरीत हवी, नको ते सामान बाहेर. टिफ्रॅक गणितं भराभर सोडवायचा, पण माहिती आत जायची भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून, हळूहळू. तोवर यंत्र आपलं ताटकळत!

आमच्या येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी बघा. वाट कितीही रुंद केली तरी रांग अडते ती दाराशीच. म्हणून बँकेत सर्व्हर स्लो आहे असं ऐकलं, की मी मनात म्हणते, कुठलं तरी दार तुंबलंय. नुसतं महागडं मशीन आणून ते सुटत नाही. अडलंय कुठं, ते आधी शोधावं लागतं.

कामं वाढली, टिफ्रॅक अपुरा पडू लागला. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेचा मोठा सीडीसी ३६०० आला. पण २४ जानेवारी १९६६ ला आल्प्समधल्या विमान अपघातात भाभा गेले. वय अवघं ५६.

एमएस-सीआयटीच्या वर्गात जाताना बिचकणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी एवढंच सांगते, कॉम्प्युटर कधी न वापरलेल्या पोरांनी तो बांधला होता. आपल्याला तर नुसता शिकायचाय!