विश्लेषण : मोटारीची पहिली लांब सफर कुणी केली?

जर्मनीत कार्ल बेंझ यांना १८८६ मध्ये तीनचाकी मोटारीचे पेटंट मिळाले, पण गिऱ्हाईक काही मिळेना. पत्नी बर्था यांनी तर लग्नाआधीच हुंड्याची रक्कम त्यांच्या धंद्यात घातली होती. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे पतीला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्या मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर.

पेट्रोल पंप तेव्हा कुठले? वीसलोखमध्ये औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन घेतले. हे खरे तर कपड्यांवरचे डाग काढायचे द्रव. तेच दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून दाखवतात. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंजिनाच्या ठिणगीची तार उघडी पडली, तिथे मोजे आवळायचा पट्टा गुंडाळला, असे सांगतात. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. ब्रेक लायनिंगची सुरुवात हीच मानली जाते. चढावर मात्र गाडी हटून बसे आणि मुलांना ढकलावी लागे. संध्याकाळी पोहोचल्यावर त्यांनी पतीला तार केली.

या अनुभवावरून कार्ल यांनी मोटारीला चढासाठी आणखी एक गिअर जोडला. घाटात पहिला गिअर टाकणाऱ्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. बर्था १९४४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी वारल्या. त्यांनी पार केलेला रस्ता २००८ पासून त्यांच्याच नावाने फलक लावून आखलेला आहे.