फाळक्यांचा वाटाणा आणि आपली ज्वारी



बियांचे अंकुरण शिकवताना आपण मुलांना कुंडीत दाणे पेरायला लावतो. मग मुलं रोज पट्टी लावून कोंब मोजतात आणि एखाद्या दिवशी कोवळा कोंब मोडतो. मूल रडवेलं होतं. यावरचा उपाय दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात सापडतो, बघा.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन इथे ते शिकले. गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. पण प्लेगने पत्नी आणि मूल हिरावलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, स्वदेशीच्या काळात ती सोडली आणि छपाईच्या धंद्यात पडले. तेही फार काळ टिकलं नाही.

चाळिशी ओलांडताना त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्तावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणायचेच असं ठरवलं. अहोरात्र अभ्यास करताना डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांनी ती परत मिळाली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

आता चित्रपटाला पैसा हवा होता, पण विश्वास कोण ठेवणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभर ठराविक अंतराने चित्रं घेतली. दाण्यातून कोंब फुटून वेल होताना सुमारे एका मिनिटात पडद्यावर दिसला! 'अंकुराची वाढ' पाहून पैसे देणारे तयार झाले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिनेही दिले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेब गेले.

फाळक्यांना कोंब मोजायचा नव्हता, दाखवायचा होता. पण कॅमेरा आणि कुंडी न हलवण्याची त्यांची शिस्त आपल्याला मोजायलाही उपयोगी पडते. आपलं सोलापूर म्हणजे ज्वारीचं कोठार, तेव्हा वाटाण्याऐवजी ज्वारी पेरा.

१. कोंबाच्या अगदी शेजारी, कोंबाइतक्याच अंतरावर मोजपट्टी उभी रोवा. पट्टी मागे किंवा पुढे गेली तर माप चुकतं.
२. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर, कोंबाच्या उंचीला, सरळ धरून ठेवा. रोज एकाच वेळी फोटो काढा.
३. इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. फोटोतल्या पट्टीवर रेघ ओढून तिची खरी लांबी सांगा, मग कोंबावर रेघ ओढा.

समजा, पट्टीचे १० सेंमी फोटोत ५०० पिक्सेल दिसले, तर १ सेंमी म्हणजे ५० पिक्सेल. कोंब १७५ पिक्सेलचा असेल तर त्याची उंची १७५ ÷ ५० = ३.५ सेंमी. हे गुणोत्तर आधी मुलांना वहीत काढू द्या, सॉफ्टवेअर नंतर दाखवा.

शेवटी सगळे फोटो भराभर एकामागून एक दाखवा. कोंबाला हात न लावता त्याची वाढ मोजली, हे मुलांना कळेल. आणि डोळे जवळजवळ गमावलेल्या माणसाने महिनाभर वाटाण्याकडे का पाहिलं असेल, तेही सांगा.