बॅरिस्टर नाथ पै : संसदेच्या घटनादुरुस्ती अधिकाराचे कैवारी

चंदीगड : पंजाबचे विभाजन होऊन चंदीगड केंद्रशासित झाल्याला चार महिनेही लोटले नव्हते, तोच त्या राज्यातील जमिनीच्या एका खटल्याने देशापुढे मूलभूत घटनात्मक प्रश्न उभा केला. जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाकडे ५०० एकरांहून अधिक शेती होती. पंजाबच्या १९५३ च्या जमीनधारणा कायद्याला त्यांनी आव्हान दिले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही.

या निर्णयाला संसदेत उत्तर देण्यासाठी पुढे सरसावले ते राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै. २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे जन्मलेल्या पै यांनी १९४२ च्या आंदोलनात कारावास भोगला आणि पुढे इंग्लंडमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले. प्रजा समाजवादी पक्षातर्फे ते १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये लोकसभेवर निवडून आले.

निकालानंतर अवघ्या काही आठवड्यांत, विरोधी बाकांवरील या सदस्याने खासगी विधेयक मांडले. राज्यघटनेची कोणतीही तरतूद बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३६८ अन्वये संसदेला आहे, हे स्पष्ट करणे हा त्याचा हेतू होता. जमीन सुधारणा न्यायालयात अडकून पडल्या, तर भूमिहीनांना दिलेल्या आश्वासनाला अर्थ उरणार नाही, ही समाजवाद्यांची चिंता होती. उलट, आज मालमत्तेच्या हक्कावर चालणारी कात्री उद्या विचारस्वातंत्र्यावरही चालेल, अशी भीती टीकाकारांना वाटत होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले. मात्र त्यावर अंतिम निर्णय झालाच नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते व्यपगत झाले.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगाव येथे वयाच्या ४८ व्या वर्षी पै यांचे निधन झाले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेचा हा अधिकार मान्य केला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ निर्णय रद्द ठरवला. मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. पै यांचा आग्रह आणि टीकाकारांची भीती, या दोहोंना त्या निकालात स्थान मिळाले.