अणुबॉम्ब प्रकल्पातल्या शास्त्रज्ञाचं नाव नासाने दुर्बिणीला का दिलं?

५ एप्रिल १९९१. अमेरिकेच्या अटलांटिस यानातून सुमारे १७ टन वजनाची एक दुर्बीण अवकाशात गेली. तिचं काम होतं गॅमा किरण पकडणं. दुर्बिणीला नाव मिळालं आर्थर कॉम्प्टन यांचं. त्यांना जाऊन तेव्हा २९ वर्षं झाली होती.

आता हे कॉम्प्टन कोण? तर फिजिक्सच्या पुस्तकात 'कॉम्प्टन परिणाम' वाचून परीक्षेपुरता पाठ केला असेल, तेच हे.

जन्म १० सप्टेंबर १८९२, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं वूस्टर गाव. वडील धर्मोपदेशक आणि कॉलेजात प्राध्यापक. पोराला मात्र आकाशाचं वेड. कॉलेजात असताना त्याने स्वतः ग्लायडर बनवून उडवलं होतं.

प्रिन्स्टनमधून पीएचडी झाली आणि १९२२-२३ मध्ये कॉम्प्टन यांच्या हाती मोठा शोध लागला. त्यांनी ग्राफाइटवर क्ष-किरण सोडले, तर बाहेर पडलेल्या काही किरणांची ऊर्जा कमी झालेली दिसली.

कॅरम आठवा. स्ट्रायकर सोंगटीवर आदळला की सोंगटी पळते आणि स्ट्रायकरचा वेग कमी होतो. क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉनमध्ये तसंच घडत होतं. म्हणजे प्रकाश ही नुसती लाट नाही, तो कणासारखाही वागतो, याचा भक्कम पुरावा मिळाला. १९२६-२७ मध्ये ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात शिकवत होते. १९२७ चं नोबेल त्यांना सी. टी. आर. विल्सन यांच्यासोबत विभागून मिळालं.

पुढे दुसरं महायुद्ध पेटलं. शिकागोतल्या ज्या प्रयोगशाळेकडे अणुबॉम्बचं मूलभूत काम होतं, तिचे प्रमुख होते कॉम्प्टन. २ डिसेंबर १९४२ ला तिथेच फर्मी यांच्या टीमने जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी सुरू केली.

जून १९४५ मध्ये सरकारने चार शास्त्रज्ञांना विचारलं, बॉम्ब माणसांवर न टाकता नुसता दाखवून युद्ध थांबेल का? चौघांनी दुसरा मार्ग दिसत नसल्याचं कळवलं. त्या चौघांत कॉम्प्टन होते. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली. धार्मिक घरात वाढलेल्या कॉम्प्टन यांनी नंतरच्या लिखाणातही या निर्णयाची बाजूच घेतली. १५ मार्च १९६२ ला ते गेले.

खरा ट्विस्ट त्यानंतर आला.

१९६३ मध्ये अमेरिका, रशिया आणि ब्रिटनने हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. समोरचा चोरून बॉम्ब फोडतोय का, हे बघायला अमेरिकेने 'वेला' उपग्रह सोडले. बॉम्ब फुटला की गॅमा किरण निघतात, ते टिपायचे होते. २ जुलै १९६७ ला त्यांनी असा झोत टिपला. पण तो बॉम्बचा नव्हता. पुढे असे आणखी झोत सापडले आणि ते दूर अवकाशातून येतायत, हे १९७३ मध्ये जगाला सांगितलं गेलं. हेच गॅमा किरण स्फोट. सूर्य अख्ख्या आयुष्यात देईल तेवढी ऊर्जा यातून काही सेकंदांत बाहेर पडू शकते.

पण हे किरण पकडायचे कसे? वातावरण त्यांना जमिनीपर्यंत येऊ देत नाही, म्हणून अवकाशात जावं लागतं. साधी भिंगं आणि आरसेही चालत नाहीत. अशा वेळी कॉम्प्टन यांचा कॅरम कामाला येतो. किरण इलेक्ट्रॉनवर आदळला की कुठे किती ऊर्जा गेली हे मोजायचं आणि त्यावरून किरण कुठून आला याचा अंदाज बांधायचा. १९९१ च्या दुर्बिणीतलं एक उपकरण याच तत्त्वावर चालायचं. तिच्या दुसऱ्या उपकरणाने नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदवले. ते आकाशात सगळीकडे सारखे पसरलेले दिसले. त्यामुळे ते आपल्या आकाशगंगेबाहेरचे असावेत, या मताला बळ मिळालं.

जून २००० मध्ये नासाने ही दुर्बीण पॅसिफिक महासागरात पाडली. भारताने २०१५ मध्ये सोडलेल्या अॅस्ट्रोसॅटवरही असे स्फोट टिपणारं उपकरण आहे. त्यात मुंबईच्या टीआयएफआरचा आणि पुण्याच्या आयुकाचा मोठा वाटा आहे. त्याने ५०० हून जास्त स्फोट पकडलेत आणि त्यातल्या किरणांचं ध्रुवीकरण मोजायला ते कॉम्प्टन परिणामच वापरतं.